एसपी घेतलं होतं, आता कॅल्क्युलसचं काय?

ताई, मी मूळची नाशिकची. बारावी कॉमर्स केलं, गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेऊन. ऑगस्टपासून बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकतेय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आणि फ्रीमाँटला मामाकडे राहते. दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन बर्कलेच्या हास बिझनेस स्कूलला जायचं डोक्यात आहे. तिथे नाही झालं तर सॅन होजे स्टेट. या सेमिस्टरला इंग्रजी, इकॉनॉमिक्स वगैरे घेतलं आणि गणित टाळलं. आता कळतंय की बिझनेसला जायलाही कॅल्क्युलस लागतं. दहावीनंतर मी गणिताला हात लावलेला नाही.

मामा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, सरळ कॅल्क्युलस वन घे, त्यात काय एवढं. वर्गातली मैत्रीण म्हणते, बिझनेस कॅल्क्युलस घे, सोपं असतं, एका सेमिस्टरमध्ये सुटका. काउन्सेलर बाईंनी आधी प्रीकॅल्क्युलस सुचवलं, पण त्यात अख्खं सेमिस्टर जाणार, आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी तुम्हाला माहीतच आहे. आईचं म्हणणं, उन्हाळ्यात घरी ये, क्लास लाव आणि इथूनच एखादी परीक्षा देऊन टाक. स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन तोंडावर आलंय आणि मला गणिताची मनापासून भीती वाटते. काय करू?

— एसपीवाली, फ्रीमाँट

ता. क. ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावाच लागतो का? शंभर डॉलरच्या वर किंमत सांगतात.

* * *

प्रिय एसपीवाली,

चौघांची चार मतं पडली, कारण चौघंही वेगवेगळ्या मुलीला सल्ला देतायत. मामाच्या डोळ्यांसमोर तो स्वतः आहे, सायन्स करून इंजिनिअरिंगला गेलेला. मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर सॅन होजे स्टेटला जाणारी कुणीतरी आहे. आईला तू सुट्टीत घरी हवी आहेस, त्यात गैर काहीच नाही. काउन्सेलर बाईंनी मात्र तुझी कागदपत्रं बघितली आणि त्यांना दिसलं की दहावीच्या पुढचं गणित त्यांत नाहीच. चौघांत त्यांचंच म्हणणं तुला सगळ्यात कमी आवडलेलं दिसतंय, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. का ते सांगते.

आधी एसपीचं मनातून काढून टाक. अकरावीच्या फॉर्मवर 'मॅथ्स की एसपी' आलं की कितीतरी पोरं डोळे झाकून एसपीवर टिक करतात. सेक्रेटरियल प्रॅक्टिसला पाठांतर असतं, मार्क पडतात, आणि 'बी.कॉम.च तर करायचंय, मॅथ्स कशाला' हे सांगणारा एक दादा प्रत्येक कट्ट्यावर असतो. ज्यांनी गणित घेतलं त्यांनी बारावीला मेट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, रिग्रेशन हे सगळं केलं. ते आज तुझ्या शेजारी बसले असते तर सुरुवातीचे काही आठवडे त्यांना सोपे गेले असते, एवढंच. क्रेडिट त्यांनाही मिळालं नसतं, कारण आपली बारावी इथे हायस्कूलमध्ये धरतात. कागदावर तुम्ही सगळे एकाच रांगेत.

आता मुद्द्याचं. 'बिझनेसला कॅल्क्युलस लागतं' एवढं ऐकून कुणीही कोर्स घेऊ नये. कुठलं, किती, कधीपर्यंत आणि कुठल्या ग्रेडनं, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. आणि तू दोन ठिकाणी अर्ज करणार असशील तर ज्याची अट जास्त कडक त्याच्याप्रमाणे गणित ठरवायचं. सॅन होजे धरून चाललीस तर हासचं दार बंद होतं. उलट हास धरून चाललीस तर सॅन होजेचं दार बहुधा उघडंच राहतं.

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यांतल्या कुठल्या कोर्सला कुठल्या सरकारी विद्यापीठात काय किंमत आहे, याचा अधिकृत हिशेब 'असिस्ट' नावाच्या वेबसाइटवर मांडलेला असतो. पैसे लागत नाहीत. वर्ष निवड, तुझं कॉलेज निवड, बर्कले निवड, मग मेजरच्या यादीतून बिझनेस. दोन रकाने उघडतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुझ्या कॉलेजचा कोर्स. हे पान घाईघाईत वाचू नकोस. उजवीकडच्या दोन कोर्सांच्या मध्ये 'ऑर' लिहिलं असेल तर कुठलाही एक चालतो. 'अँड' लिहिलं असेल तर दोन्ही हवेत, आणि त्यातला एकच केलास तर पदरात अर्धं नाही, शून्य पडतं. आणि उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं आलं, तर त्या कोर्सला तुझ्या कॉलेजात पर्यायच नाही, तो दुसरीकडे शोधायचा. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक रडगाणी या एका पानावर मिटली असती. पान न बघता 'अमक्याच्या ताईनं हेच घेतलं होतं' म्हणून कोर्स घेतलेले असतात, आणि ती ताई भलत्याच विद्यापीठात गेलेली असते.

हासचं म्हणशील तर तिथे कॅल्क्युलसचे दोन कोर्स लागतात, एक नाही. मैत्रिणीचा सल्ला इथे कोसळतो. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत बिझनेस कॅल्क्युलस हा एकच सुटा कोर्स असतो आणि त्याचा दुसरा भाग शिकवतच नाहीत. तू तो घेतलास, चांगली ग्रेड मिळवलीस, आणि मग असिस्टवर बघितलंस की पुढचा कोर्स कुठेच नाही, तर पुन्हा कॅल्क्युलस वनपासून सुरुवात. वर्ष गेलं, आणि तुझ्या फीच्या दरानं गेलं. कॉलेजात बिझनेस कॅल्क्युलसचे दोन्ही भाग असतील आणि असिस्ट ते बर्कलेसाठी मान्य करत असेल तर मात्र खुशाल तो रस्ता घे, मामाचं ऐकू नकोस. नसतील तर कॅल्क्युलस वन आणि टू. इथे मामा बरोबर आहे. 'त्यात काय एवढं' तेवढं सोडून.

सॅन होजे स्टेट ज्या सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) येतं, तिथली गोष्ट बरीच सैल आहे. कम्युनिटी कॉलेजातून सीएसयूला जाण्यासाठी २०१० च्या एका कायद्यानं खास ट्रान्सफर डिग्री सुरू झाली. तिच्या बिझनेसच्या आराखड्यात स्टॅटिस्टिक्स असतं आणि सोबत बिझनेस कॅल्क्युलस किंवा फायनाइट मॅथ, दोन्हींपैकी एक. फायनाइट मॅथमध्ये कॅल्क्युलस नसतंच. तेव्हा उद्या ठरवलंस की हास नको, सॅन होजेच बरं, तर तुझं गणित एका दमात निम्म्यावर येतं. हा पर्याय कमीपणाचा नाही. सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध ते कॉलेज आहे आणि तिथून नोकरीला लागलेले भरपूर मराठी चेहरे तुला सनीव्हेलच्या कुठल्याही गणेशोत्सवात भेटतील. पण पत्रात तू हासचं नाव आधी लिहिलं आहेस, म्हणून मी हास धरूनच पुढे लिहिते.

(जाता जाता एक. मामाच्या मित्रमंडळींपैकी कुणी 'यूसीएलएच्या बिझनेस स्कूललाही टाक' म्हणेल. यूसीएलएला पदवीसाठी तसं बिझनेस मेजर नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे, ते इकॉनॉमिक्स विभागाचं, आणि त्याच्या अटी वेगळ्या. तेही असिस्टवरच बघ.)

आता प्रीकॅल्क्युलसकडे येऊ. तुला वाटतं, ते म्हणजे फुकट गेलेलं सेमिस्टर. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, म्हणून खात्रीनं सांगते, कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी मुलं कॅल्क्युलसमुळे क्वचित नापास होतात. एक उदाहरण करून दाखवते.

समज, तू मे महिन्यात फ्रीमाँटला हापूसच्या पेट्या विकायला काढल्यास. पेटीला १०० डॉलर लावले तर कुणी घेत नाही. दर २ डॉलर कमी केला की एक पेटी जास्त खपते. म्हणजे क्ष पेट्या खपवायच्या असतील तर दर १०० − २क्ष. तुला एक पेटी २० डॉलरला पडते. नफा किती? क्ष(१०० − २क्ष) − २०क्ष. कंस सोडव, ८०क्ष − २क्ष² उरतं. आता डेरिव्हेटिव्ह, ८० − ४क्ष. ते शून्य धर, क्ष = २०. वीस पेट्या, दर ६० डॉलर, नफा ८०० डॉलर. एकोणीस विकल्यास तर ७९८, एकवीस विकल्यास तरी ७९८. पडताळून बघ.

यात कॅल्क्युलस किती होतं? एक ओळ. बाकी सगळं मांडणी, कंस, चिन्हं आणि समीकरण, म्हणजे तुझ्या आठवी ते दहावीचं बीजगणित. आणि घोडं तिथेच पेंड खातं. डेरिव्हेटिव्ह पहिल्यांदा शिकवताना (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करून ह नं भागायचं असतं. उत्तर २क्ष + ह येतं, मग ह शून्याकडे नेला की २क्ष. दर सेमिस्टरला वर्गात काही मुलं (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असं लिहितात. मग भागाकारात नुसता ह उरतो, उत्तर शून्य येतं आणि पोरं म्हणतात कॅल्क्युलस अवघड आहे. ज्यानं शाळेत अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग घोकलंय त्याचा हा घोटाळा व्हायला नको. तुझ्याकडे ते आहे, फक्त गंजलंय.

तुझ्याकडे जे अजिबात नाही ते वेगळं. लॉगरिदम, घातांकी फंक्शन, फंक्शनच्या आत फंक्शन, आणि साइन-कोसाइन हे त्रिकोणाच्या बाहेर काढून आलेखावर बघणं. दहावीच्या भूमितीत तू त्रिकोणमिती केलीस ती इमारतीची उंची काढण्यापुरती. कॅल्क्युलस वन पहिल्या महिन्यातच साइनचा डेरिव्हेटिव्ह मागतं. हे सगळं प्रीकॅल्क्युलसमध्ये येतं. काही कॉलेजांत ते एका कोर्समध्ये असतं, काहींत कॉलेज अल्जिब्रा आणि ट्रिगनॉमेट्री असं दोन भागांत. तुझ्या कॉलेजात काय आहे ते बघ आणि फक्त अल्जिब्रा घेऊन थांबू नकोस. ते बिझनेस कॅल्क्युलसला पुरतं, कॅल्क्युलस वनला नाही.

कुणी तुला म्हणेल, इथे तर आता थेट कॅल्क्युलसला बसता येतं. खरं आहे. २०१७ चा एबी (असेंब्ली बिल) ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ असे दोन कायदे झाले. आधी कॉलेजं एक चाचणी घेऊन विद्यार्थ्यांना क्रेडिट न मिळणाऱ्या गणितात दोन-दोन सेमिस्टर अडकवून ठेवायची, ते या कायद्यांनी बंद केलं. आता इथल्या हायस्कूलच्या ग्रेडवरून पातळी ठरते, आणि बाहेरून शिकून आलेल्यांना बहुतेक ठिकाणी माहिती भरून स्वतःची पातळी स्वतःच ठरवावी लागते. म्हणजे तुला कुणी अडवणार नाही. तेव्हा अडवायचं की नाही हे तूच ठरव, आणि ते भीतीवरून नको, चार गणितांवरून ठरव. डिसेंबरच्या सुट्टीत रोज दोन तास बस. खान अकॅडमी फुकट आहे, ओपनस्टॅक्सचं प्रीकॅल्क्युलसचं पुस्तकही फुकट उतरवता येतं. जानेवारीत पुस्तक मिटून ही चार कर.

१/(क्ष + ह) मधून १/क्ष वजा करून सगळ्याला ह नं भागून सोपं रूप दे. २ चा क्ष घात १० असेल तर क्ष काढ. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष + ह) लिही. साइनचा आलेख शून्यापासून ३६० अंशांपर्यंत हातानं काढ आणि तो कुठे शून्य होतो ते सांग.

चारही न अडखळता आली, तर सरळ कॅल्क्युलस वन घे, आणि कॉलेजात त्याच्या जोडीला सपोर्ट कोर्स असेल तर तोही घे. तुझं एक सेमिस्टर वाचलं. त्यांतल्या दोनांवर अडलीस तर प्रीकॅल्क्युलस, आणि त्याबद्दल पुन्हा वाद नको. मला विचारशील तर तू अडणार आहेस, कारण दहावीपासूनचा गंज एका सुट्टीत निघत नाही. पण मला खोटं पाडलंस तर आनंदच आहे. रजिस्ट्रेशन आत्ताच करून ठेव, प्रीकॅल्क्युलसचंच. वर्ग सुरू व्हायच्या आत बदलता येतो, जागा असली तर.

आता कॅलेंडर मांड, कारण यात आकडेमोड आहे आणि ती कुणी तुला सांगितलेली दिसत नाही. स्प्रिंगमध्ये प्रीकॅल्क्युलस, पुढच्या फॉलमध्ये कॅल्क्युलस वन, त्यानंतरच्या स्प्रिंगमध्ये कॅल्क्युलस टू, आणि मग ऑगस्टमध्ये बर्कले. बसतं, पण एकही जागा रिकामी राहत नाही. यूसीचा, म्हणजे बर्कले ज्यात येतं त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज भरायचा असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा कॅल्क्युलस वन चालू असेल आणि टू नुसतं 'घेणार आहे' म्हणून लिहिलेलं. जानेवारीत यूसी फॉलच्या ग्रेड कळवायला सांगतं, आणि निकाल साधारण एप्रिलअखेर लागतो. म्हणजे तुझ्याबद्दल निर्णय घेताना त्यांच्यासमोर कॅल्क्युलसची एकच ग्रेड असणार, फॉलमधली. टूचा निकाल त्यांनी बघितलेलाच नसेल, पण तो चांगला लागला नाही तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो, कारण सगळे पूर्वअटीचे कोर्स त्या स्प्रिंगपर्यंत संपवायचे असतात. म्हणून पुढच्या फॉलमध्ये कॅल्क्युलस वनच्या जोडीला कुठलाही दुसरा जड विषय घेऊ नकोस. आणि कॅल्क्युलस टू हा या सगळ्यातला खरा घाट आहे, तिथे गिअर आधीच बदललेला बरा. इंटिग्रेशनच्या पद्धती आणि सिरीज भल्याभल्यांना घाम फोडतात.

तिसरं वर्ष घेण्याचा पर्यायही डोक्यात असू दे. खर्चिक आहे, पण घाईनं आलेल्या सी ग्रेडपेक्षा स्वस्त. कारण इथला एक नियम नव्या पोरांना ठाऊक नसतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात डी किंवा एफ मिळाला तर कोर्स पुन्हा करता येतो. सी मिळाला की साधारणपणे नाही. तो पास आहे, पुसता येत नाही, कायमचा राहतो. बाहेरच्या विद्यार्थ्यांना यूसीसाठी किमान जीपीए (ग्रेडची सरासरी) २.८ हवा असतो, पण हासच्या बाबतीत तो आकडा नुसता उंबरठा आहे. जागा थोड्या, आणि तिथे ए-वाल्यांची गर्दी असते. कॅल्क्युलसमधला सी तिथे फार महाग पडतो. गणित पास/नो पासवरही घेऊ नकोस, लेटर ग्रेडच हवी.

मग वाईट चाललं तर मध्येच सोडावं का? इतर मुलं सोडतात, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येतो, आणि एखादा डब्ल्यू कुणी फारसा मनावर घेत नाही. तुझी अडचण वेगळी आहे. एफ-१ वर तुला किमान १२ युनिट (म्हणजे क्रेडिट) चालू ठेवावे लागतात. गणित चार-पाच युनिटचं असतं. बारावरच बेतलेलं असेल आणि गणित सोडलंस तर थेट व्हिसाचा प्रश्न. म्हणून १२ वर थांबू नकोस, एखादा हलका कोर्स वर ठेव, आणि कुठलाही कोर्स सोडण्याआधी, सोडल्यावर नव्हे, इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन ये. दुसरं, त्या बारांत ऑनलाइन कोर्स एकच धरतात. तेव्हा 'ऑनलाइन गणित सोपं जातं' म्हणून कुणी पटवायला आलं तर हा नियम आधी आठव. गणित वर्गात बसूनच कर. फळ्यावर कुणीतरी तीच चूक करताना दिसलं की जे शिकायला मिळतं ते रेकॉर्डिंगमध्ये नाही.

शेजारच्या कॉलेजात जाऊन एखादा कोर्स करायची वेळ आली, तर एक सांभाळ. तुमच्याकडे फ्रीमाँटला ओहलोनी, हेवर्डला शाबो, पलीकडे कूपर्टिनोला डी अँझा, सगळी गाडीच्या अंतरावर. पण डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर, चालतात, बाकीची सेमिस्टरवर. क्वार्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलसचे तुकडे वेगळ्या ठिकाणी पडतात. पहिला भाग क्वार्टरच्या कॉलेजात आणि दुसरा सेमिस्टरच्या कॉलेजात केलास, तर मधला काही भाग दोन्हीकडे होतच नाही, आणि असिस्टवरची जोडी तुटते. दोन्ही भाग एकाच कॉलेजात कर.

आईला काय सांगायचं? घरी जा, नक्की जा. पण 'इथूनच एखादी परीक्षा' हे डोक्यातून काढायला सांग. बाहेरच्या देशातल्या कुठल्याही पेपराची असिस्टवर जोडी नसते, तो मान्य करून घेण्यातच तुझा वेळ जाईल. क्लेप नावाची इथली एक परीक्षा आहे, तिच्याबद्दलही कुणीतरी सांगेल. यूसी क्लेपचं क्रेडिट देत नाही. उन्हाळ्यात कॅल्क्युलस तर कुठेच करू नकोस. सोळा-सतरा आठवड्यांचं सहा-आठ आठवड्यांत कोंबलेलं असतं, आणि तुझ्यासारखीला मध्ये श्वास घ्यायला जागा हवी.

उन्हाळ्यात करण्यासारखं आहे ते स्टॅटिस्टिक्स. ते तुला हासलाही लागेल आणि सॅन होजेलाही. मे महिन्यात तुझं पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असेल, तेव्हा उन्हाळा ही व्हिसाच्या नियमात तुझी सुट्टी आणि १२ युनिटचं बंधन नाही. ठरावीक वेळेला हजेरी न मागणारा ऑनलाइन वर्ग मिळाला तर नाशिकच्या घरात बसूनही तो करता येईल, फक्त परीक्षा कशी घेतात आणि बाहेरदेशातून चालतं का हे कॉलेजला आधी विचार. २०२५ च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेजांत या कोर्सला एकच सामायिक नंबर आलाय, स्टॅट सी१०००, त्यामुळे शोधायलाही सोपं. मात्र बर्कलेच्या रकान्यात तो बसतो का, ते तिथेही बघायचंच.

आणि तू ज्याला किरकोळ समजतेस ते तुझं भांडवल आहे. बारावीचं बीके, म्हणजे बुककीपिंग. सॅन होजेच्या वाटेवर अकाउंटिंगचे दोन कोर्स आहेत, आणि जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स हे इथली मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांची जी धांदल उडते ती बघायला मजा येते. त्या वर्गात तू पुढच्या बाकावरची असशील. तिथे वाचलेला वेळ गणिताला दे.

भीतीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण माझा अनुभव असा की ती बोलून कमी होत नाही. प्रत्येक कॉलेजात मॅथ ट्यूटरिंग सेंटर असतं, पैसे आधीच तुझ्या फीमधून गेलेले असतात. पहिल्या आठवड्यापासून जायला लाग, अडल्यावर नव्हे. आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जाणं म्हणजे काहीतरी चुकलं असं असतं, इथे उलट आहे. आम्ही तिथे रिकामे बसलेले असतो. मामालाही कामाला लाव, पण रविवारी तासभर, आणि अट एकच, पेन तुझ्या हातात राहील. इंजिनिअर मामांना भाचीच्या वहीत स्वतःच गणित सोडवून टाकायची फार हौस असते.

या आठवड्यात काउन्सेलर बाईंची पुन्हा वेळ घे. जाताना असिस्टची दोन पानं छापून ने, बर्कलेचं आणि सॅन होजेचं, आणि त्यांना एवढंच विचार की माझ्या कॉलेजात बर्कलेसाठी कॅल्क्युलसची पूर्ण जोडी कुठली. त्यांनी जे सांगितलं ते ईमेलवर लिहून माग. तुला लागू होणाऱ्या वर्षाचंच पान बघितलं आहे ना, तेही विचार. अटी बदलतात. हासनंच २०२४ पासून पदवीचा कार्यक्रम दोनाचा चार वर्षांचा केला. ट्रान्सफरवाल्यांना ते अजूनही तिसऱ्या वर्षात घेतात, पण जुन्या मुलांचे सल्ले त्या आधीचे असू शकतात.

राहिलं तुझं ता. क. कॅल्क्युलेटर अजून विकत घेऊ नकोस. कोर्सची माहितीपत्रिका आली की त्यात लिहिलेलं असतं काय चालतं ते. कित्येक प्राध्यापक कॅल्क्युलसच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर आणूच देत नाहीत. घरी आलेख बघायला डेसमॉस हे अ‍ॅप पुरतं, ते फोनवरही फुकट आहे. टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागलाच तर कॉलेजच्या लायब्ररीत सेमिस्टरपुरता उसना मिळतो का ते विचार, पहिल्या आठवड्यातच, कारण ते लवकर संपतात. आणि मामाची मुलं इथे हायस्कूलला असतील किंवा होऊन गेली असतील, तर त्या घरातल्या एखाद्या ड्रॉवरमध्ये एक पडलेला असण्याची दाट शक्यता आहे. आधी तो शोध.